एक कट् म्हणजे डावीकडे

जबलपूरच्या मराठी मंडळाची सहल दर पौषात भेडाघाटला जायची आणि गुणवंत फोटोग्राफरला तिथे एकच काम असायचं. सगळ्यांना दगडांवर बसवून एक फोटो काढायचा, आणि ज्यांचे डोळे मिटले त्यांची बोलणी वर्षभर खायची. नागपूर महाराष्ट्रात गेलं, जबलपूर मध्य प्रदेशातच राहिलं, तेव्हापासून या मंडळाला सहलींचा फार उमाळा. सोयरेधायरे परराज्यात गेले, म्हणून इथले सगळे एकमेकांनाच सोयरे मानून भांडायचे. फॅक्टरीतले कारकून, रेल्वेतले बाबू, त्यांच्या मंडळी, डबे, सतरंज्या, आणि पुढे अध्यक्ष बापूसाहेब. त्यांचा आवाज असा, की धबधब्यानं शेजारी गप्प बसावं.

गुणवंत मात्र पक्का बनेल माणूस. साऱ्या मंडळाला त्यानं वर्षानुवर्षं येडं बनवलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. गणपतीत त्याचा एक खेळ ठरलेला असायचा, डोळे बांधून फोटो. मंचावर कुणीही कुठेही उभं राहा, गुणवंत डोळ्यांवर जाड पट्टी बांधून घ्यायचा, कॅमेरा छातीशी धरून इकडे वळायचा, तिकडे वळायचा, थांबायचा आणि खटका दाबायचा. फोटो धुऊन आला की माणूस बरोबर मधोमध. कुणी म्हणे याला नर्मदामाई दिसते, कुणी म्हणे तिसरा डोळा आहे. बापूसाहेबांनी तर यावर योगशास्त्राचं एक भाषणच ठोकलं होतं. गुणवंतानं ते मान डोलवत, दात न दाखवता ऐकलं. केवढं कठीण काम ते.

खरी गंमत पहिल्या रांगेत बसलेली असायची. त्याची बायको सत्यवती मांडीवर पानाचा डबा घेऊन सुपारी कातरायची. अडकित्ता एकदा वाजला, कट्, की डावीकडे. दोनदा, कट् कट्, की उजवीकडे. वाजायचा थांबला की समोर बरोबर आहे, दाब खटका. सुपारी कातरणाऱ्या बाईकडे कोण पाहणार? घरी आल्यावर दोघं दार लावून पोट धरधरून हसायची.

मग एका पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि सत्यवती गेली.

तेराव्याला मांडायला फोटो हवा, म्हणून गुणवंतानं पेट्या उपसल्या, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की तिचा फोटोच नाही. अर्ध्या चेरीताल मोहल्ल्याच्या भिंतींवर त्यानं काढलेली माणसं टांगलेली, आणि याच्या घरी नुसता खिळा. ती नेहमी कॅमेऱ्याच्या अलीकडे. कधी पुढे हो म्हटलं की म्हणायची, मी काय कुठे पळून चालले, काढाल कधीतरी. आणि आता तर आणखीच वाईट झालं होतं. तिचं नाक त्याला आठवे, कपाळावरचा देवीचा वण आठवे, पण डोळे काही केल्या आठवेनात. पडून पडून तो चेहरा जुळवायचा आणि डोळ्यांपाशी आला की सगळं पुसलं जायचं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. फोटोग्राफरनं सांगावं तरी कसं?

तर त्या वर्षीच्या सहलीत जेवणं झाली, आणि बापूसाहेबांनी हुकूम सोडला की गुणवंतानं आज डोळे बांधून फोटो काढावा, मनाला बरं वाटेल. गुणवंत नाही नाही म्हणाला. मग त्याचा जुना किडा वळवळला. काढू की, म्हणाला. मनात म्हणाला, दगडांचे फोटो काढतो आणि सांगतो, तुमचे चेहरे यांच्याहून वेगळे नाहीत.

बापूसाहेबांनी पट्टी बांधली. लोक दगडांवर पांगले. उन्हं उतरत होती. खाली खोल दरीत नर्मदा संगमरवराच्या भिंतींमधून आवाज न करता चालली होती. पाण्याचा थंड, शेवाळी वास वर येत होता.

कट्.

गुणवंताचा हात कॅमेऱ्यावरच थांबला. बापूसाहेबांच्या पुष्पावहिनी सुपारी कातरत असतील, त्यानं स्वतःला समजावलं. पण मान आपोआप डावीकडे वळली.

कट्. आणखी डावीकडे. कट्.

मागे हसू फुटलं. गुणवंतराव, आम्ही इकडे आहोत, कुणीतरी ओरडलं. तो वळतच राहिला. मग आवाज थांबला. त्यानं खटका दाबला, रोल पुढे सरकवला. पुन्हा कट् कट्, थोडं उजवीकडे. थांबला. दाबला. आता लोकांचं हसणं विरत चाललं होतं आणि अडकित्ता तेवढा स्वच्छ ऐकू येत होता, लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला तसा. फक्त दर वेळी जरा लांबून. पुढे या, अशी खूण त्या दोघांत कधी नव्हतीच. पण आवाज लांब गेला तर माणूस काय करणार? गुणवंत एक पाऊल पुढे सरला. मग आणखी एक.

मागून कुणीतरी त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली.

"गुणवंता..." बापूसाहेबांचा आवाज. आयुष्यात पहिल्यांदा ते कुजबुजत होते. "पुढे काही नाही रे..."

पट्टी निघाली. त्याच्या चपलेची टोकं कड्याबाहेर होती.

परतीच्या बसमध्ये त्यानं पुष्पावहिनींना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, अडकित्ता कशाला आणू भाऊजी, मी सुपारी घरूनच कातरून आणली होती.

गुणवंतानं तो रोल त्याच दिवशी धुतला. त्याला वाटत होतं, ती असेल. एवढं वळवून वळवून उभं केलं तिनं, असेलच. कागदावर चित्र उमटायला लागलं. समोरचा पांढरा कडा, खाली पाणी. बस्. सगळे फोटो तसेच. दरीवरची मोकळी हवा. पण फोटोग्राफरच्या नजरेला एक गोष्ट खुपली. कुणीतरी मधोमध उभं आहे असं धरून काढलेले फोटो होते ते. डोक्यावर सोडतात तेवढी जागा सोडलेली, दोन्ही खांद्यांच्या बाजूंना बेतशीर अंतर. फक्त माणूस नव्हता.

तो तिथेच खाली बसून रडला. पोटभर.

सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या फोटोंपाशी त्याची मुलगी विनीता उभी होती. कॉलेजात जाणारी पोर. मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून हिंदीच यायची. ती वळलीच नाही.

"बाबा... आई का फोटो? इतने दिन कहाँ था?"

गुणवंत हसला. आयुष्यभर जगाला बनवलं, आता पोरगी बापाला बनवून राहिली. पण विनीता हसत नव्हती. तिनं सांगितलं, आईनं ती जांभळ्या काठाची साडी नेसली आहे, पदर खांद्यावरून घेतला आहे. गुणवंत फोटो नाकाशी धरून पाहत राहिला. कडा, पाणी.

"आणि डोळे?" त्यानं विचारलं. "डोळे कसे आहेत गं?"

विनीतानं फोटोकडे पाहिलं, मग बापाकडे.

"छोड़ो ना, बाबा," ती म्हणाली आणि आत गेली.

मग तो बापूसाहेबांकडे गेला. पुष्पावहिनींनी फोटोला हात जोडले, डोळ्यांना पदर लावला. यांनाही विनीतानं शिकवून ठेवलं असेल, असं गुणवंताला वाटलं. बनेल माणसाचं हेच दुःख, त्याला खरं कुणी सांगितलं तरी ते खरं वाटत नाही. त्यानं डोळ्यांचं विचारलं. वहिनी म्हणाल्या, दूध उतू जाईल, आणि उठल्या. बराच वेळ झाला तरी बाहेर आल्याच नाहीत.

आता एकच माणूस उरला, ज्यानं सत्यवतीला कधी पाहिलं नव्हतं आणि ज्याला कुणी पढवलं नसतं. घमापूरच्या बाजारातला फ्रेमवाला नथ्थू. भर दुपारी गुणवंतानं फोटो त्याच्यापुढे ठेवला आणि फ्रेम करायची आहे म्हणाला. नथ्थूनं लांबीरुंदी मापली, पेन्सिल कानाला लावली. मग पुन्हा वाकून पाहिलं.

"भाभीजी हैं ये?"

"भैया, आँखें कैसी हैं इनकी? सच बताना."

"आँखें कहाँ दिख रही हैं, बाबूजी. आँखों पर तो पट्टी बँधी है." नथ्थूला नवल वाटलं. "दोनों हाथ आगे किए हैं... जैसे किसी को ढूँढ रही हों."

इतके दिवस त्याला वाटत होतं, आपणच अंधारात आहोत.

"किस तरफ?" त्यानं अखेर विचारलं. "हाथ किस तरफ हैं?"

"इधर. आपकी तरफ."

गुणवंत हळूच सरकत दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेला, जिथे काचांचे तुकडे रचले होते.

"और अब?"

नथ्थूनं फोटोकडे पाहिलं. फोटो पालथा घालून गिऱ्हाइकाकडे सरकवला आणि दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या.

गुणवंतानं फोटो उचलला. तोंडाची बाजू आत करून छातीशी धरला, दोन्ही हातांनी, आणि चालू लागला. रिक्षा, हातगाड्या, भाजीवाल्या, उसाच्या रसाचं घुंगरू, सगळा घमापूर रस्त्यावर लोटला होता. नथ्थू एक फळी हातात घेऊन पाहत राहिला. बाबूजींनी डोळे गच्च मिटले होते. त्यांचा कुणाला धक्का लागत नव्हता. कोपऱ्यावर ते क्षणभर थांबले, कान दिला, आणि बरोबर डावीकडे वळले.