काठावरचं नाव

"आई, आता माझं नाव काढ."

अमेरिकेहून आलेल्या चिठ्ठीतली ही ओळ, साठीला टेकल्यावर अक्षरं शिकलेल्या गोजरबाईंनी बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवून वाचली... आणि चिंचोळीच्या त्यांच्या टॉवेलच्या कारखान्यात माग धडधडत असतानाही काळीज कसं सुनं सुनं झालं!

लहानपणी शाळेला निघालेल्या लेकाच्या, अभिमन्यूच्या, पाठीवर हात ठेवून त्या रोज म्हणायच्या, "पोरा, नाव काढ!" उजनीकाठचा केळीचा मळा विकून कंपनी उभी केली, तेव्हा निम्म्याहून जास्त हिस्सा त्यांनी त्याच्याच नावावर लावला. पोर सातासमुद्रापार, नाव तरी घरात राहील, ही वेड्या मायेची समजूत! एवढंच नव्हे, प्रत्येक टॉवेलच्या काठावर 'अभिमन्यू' विणलेलं असे. त्या वाचायला शिकल्या तो पहिला शब्द तोच.

आणि आता त्याला तो हिस्सा नको होता. हिस्सा परत घ्यायच्या सहीसाठी आलेले आधीचे दोन कागद त्यांनी पेटीत कोंबले होते. पाच वर्षांत तो एकदाही आला नव्हता, फोनवर "बरी आहेस ना?" याच्या पुढं बोलणं सरकत नसे. कामाची पाळी सुटली की बायका घरी जात, आणि गोजरबाई त्या काठावरून हात फिरवत एकट्याच बसत...

आज मात्र त्यांनी कारागिराला सांगितलं, "काठावरचं नाव काढून टाक."

संध्याकाळी टेंभुर्णीहून आलेल्या लेकीनं, शिवानीनं, टॉवेल उचलला. "आये, काठ कोरा गं कसा?"

"तुझ्या दादालाच ईचार! नाव काढ म्हणतोय. आई नको झाली त्येला!"

शिवानीच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यानं शपथ घातली होती, पण आता बोलतेच. दादा तिथला नागरिक झालाय ना? बाहेरच्या कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा असला, की तिथलं सरकार तिचा नफा त्याचाच धरतं, एक रुपया हातात आला नसला तरी! नवा कारखाना म्हणून आपल्याला हितं कर कमी बसतो, म्हणून तिथं सूट मिळत नाही, भरावाच लागतो. तू नफ्यातनं माग घेतलेस, आणि दादा पगारातनं कर भरत राहिला. विमानाचं तिकीट दर साली त्यातच गेलं!"

"मग मला सांगितलं का न्हाय गं?"

"सांगितलं असतं तर तू माग विकून पैसे धाडले असतेस. तो म्हणाला, आईचे माग थांबायचे नाहीत."

गोजरबाईंना आता उमगलं. ज्या मायेनं नाव लावलं, तिनंच लेकराला घरापासून तोडलं होतं... आणि सही न करून त्या वर्षानुवर्षं त्याला पिळत आल्या होत्या! चिठ्ठीसोबत आलेल्या कागदावर त्यांनी सही केली आणि फोन लावला. तिथं नुकतं उजाडलं होतं.

"अभी, केली रं सही. हिस्सा घेतला मी परत."

"आई... रागावलीस?"

"कागदावरचं नाव काढलं. काठावरचं मातूर मी मरंस्तोवर न्हाय काढायची!" त्यांनी कोऱ्या काठावरून हात फिरवला. "तू लई नाव काढलंस, पोरा..."

पलीकडून नुसता हुंदका आला. मग तो म्हणाला, "आये, काठावर 'अ' आधी येतो ना? तो विणतानाचा मागाचा आवाज ऐकू दे."

त्यांनी फोन मागाजवळ धरला आणि नाव पुन्हा विणायला घे, अशी कारागिराला मान हलवून खूण केली.