एक शब्द काढून बघा

स्क्रीनवर शून्य उमटलं आणि मी खुर्चीतून पडायचीच बाकी राहिले.

शून्य! अख्ख्या जगातल्या नर्सेसनी मिळून पेशंटची पाठ चोळण्यावर एकही लेख लिहिलेला नाही? मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा जरा जोरात दाबलं… म्हणजे, आपटलंच.

“हळू…” मागून आवाज आला.

नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयातला नवा ग्रंथपाल होता. दोन्ही हातांत पुस्तकांची चळत, आणि सगळ्यात वरचं पुस्तक हनुवटीनं दाबून धरलेलं. स्क्रीन वाचायला तो वाकला, तसं ते पुस्तक सुटलं आणि माझ्या मांडीवर येऊन आदळलं.

“सॉरी, सॉरी… पण सिस्टर, तुम्ही डेटाबेसमध्ये लेख शोधताय, की त्याला पत्र लिहिताय?”

मी त्या चौकोनात सबंध वाक्य लिहिलं होतं. रोज पाठ चोळल्यानं बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होत नाहीत हे सिद्ध करणारे लेख हवे आहेत, अशा अर्थाचं, इंग्रजीत. शेवटी ‘प्लीज’सुद्धा होतं.

“प्लीज काढलं तरी चालेल,” तो म्हणाला. “त्याला राग येत नाही.”

“मला येतो.”

“ते दिसतंय,” तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा डावा गाल आधी हसतो आणि उजवा मागाहून येतो. हे माझ्या लक्षात का राहिलं, देव जाणे.

वॉर्डात मला सगळे तोफ म्हणतात. त्या आठवड्यात तर तोफ ठासून भरलेली होती, कारण नव्या मेट्रनबाईंनी हुकूम काढला होता – पेशंटची पाठ, कंबर चोळणं आजपासून बंद! मी सगळ्या स्टाफसमोर उभी राहून म्हणाले, चोळण्यानं फायदाच होतो, पुरावा आणून देते. बाई शांतपणे म्हणाल्या, “शुक्रवारी आणा.”

पाठ चोळायला मला आत्यानं शिकवलं होतं. आईवडिलांमागे तिनंच मला वाढवलं. तिचा उभा जन्म वॉर्डात गेला. पावडर किती घ्यायची, तळवा कसा फिरवायचा, चोळता चोळता पेशंटशी काय बोलायचं, सगळं तिचं. ते चूक ठरलं असतं तर आत्या चूक ठरली असती. मग माझ्याजवळ उरलं काय असतं?

म्हणून ड्यूटी संपली की मी ग्रंथालयात हजर. तो शेजारी स्टूल ओढून बसायचा. सबंध वाक्य नको, नेमके दोन-तीन शब्द द्या. सगळे शब्द असलेलेच लेख हवेत तर मध्ये ‘अँड’ घाला. शिकवायचा हळू, बोलायचा हळू, आणि मी काही बोलले की म्हणायचा, “हळू!” मी मनातल्या मनात त्याचं नावच ‘हळू’ ठेवून टाकलं.

मी शब्द दिले – मसाज, बेडसोअर, बेनिफिट्स. तीन लेख आले! जुने होते, पण माझ्या बाजूचे होते. मी आनंदानं टाळी वाजवली.

“हळू… सिस्टर, एक शब्द काढून बघू या का?”

“कुठला?”

“बेनिफिट्स.”

“मुळीच नाही! चांगले तीन सापडलेत.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं… आणि माउसवरचा हात काढून घेतला. “बरं,” म्हणाला. मग कपाटामागून कागदाच्या कपात चहा घेऊन आला. ग्रंथालयात चहाला बंदी आहे, आणि ती पाटी त्यानंच लावलीय.

“हे चालतं?”

“हळू प्यायला तर चालतं.”

गुरुवारी मी पोचले तेव्हा तो दारातच उभा होता. डोळे लाल, शर्टाचं बटण एक घर चुकलेलं.

“रागवा हवं तर,” तो म्हणाला, “पण मी तो शब्द काढून पाहिला.”

स्क्रीन वरपासून खालपर्यंत भरली होती. मी एक लेख उघडला. दुसरा उघडला. पाचव्यापाशी माझ्या तोंडचं पाणी पळालं. हाडावरची कातडी लाल झाली असेल तर तिथे चोळू नका. आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं, चोळून ते आणखी फाटू शकतं. पेशंटला कुशीवर वळवा, उशी द्या, दाब काढा.

सहा नंबरच्या बेडवरचे मास्तर! सकाळीच त्यांच्या कमरेवर लाल चट्टा दिसला होता, आणि मी… मी तो हुकूम न जुमानता मायेनं चोळला होता. चांगला वेळ काढून.

मी माझ्या हातांकडे बघत राहिले. हे हात माझेच होते?

“पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?” मी ओरडले.

“काय निघेल ते मलाही माहीत नव्हतं. पण शोध एकतर्फी होता, हे कळत होतं. तुम्ही नाही म्हणालात आणि… मी गप्प बसलो.”

“गप्प का बसलात? ओरडायचं होतंत!”

“तुम्ही चिडून परत आला नसतात तर…”

वाक्य अर्धंच राहिलं. ते पुरं व्हायची वाट न बघता मी जिना चढून वॉर्डात गेले, मास्तरांना कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली.

“आता चोळणी नाही, सिस्टर?”

“नाही मास्तर. आजपासून नाही,” मी म्हणाले आणि तोंड फिरवलं, कारण डोळे भरून आले होते.

घरी आत्याला सांगितलं तेव्हा भाजी चिरणारा तिचा हात थांबला. मग एवढंच म्हणाली, “मला कुणी सांगितलंच नाही गं…” पण आत्याच ती. डोळे पुसून म्हणाली, “उद्या उभी राहा आणि खरं ते सांग. माझं नाव घेऊन सांग. आणि हे शोधून कुणी दिलं?”

“आहे एक ग्रंथपाल.”

“त्याच्यावर ओरडून आलीस ना?”

“तुला कसं कळलं?”

“चिडलीस की तू दोनदा जेवतेस. आज घासही उतरत नाहीये. म्हणजे राग नाही हा.”

मी थक्क! राग नाही, तर मग काय होतं ते?

शुक्रवारी सगळ्या स्टाफसमोर मी सांगितलं – माझं चुकलं, आत्यानं मला शिकवलं आणि तिलाही कुणी सांगितलं नव्हतं, हे घ्या लेख. मेट्रनबाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. तोफ अशी खाली येते हे कुणी पाहिलं नव्हतं. बाई उठून म्हणाल्या, “आता हे बाकीच्या वॉर्डांना तुम्हीच शिकवायचं. आणि तुमच्या आत्यांना एकदा घेऊन या. पेशंटशी बोलायचं कसं, ते त्यांच्याकडून शिकू दे सगळ्यांना.”

मी तडक ग्रंथालयात गेले. परीक्षा जवळ आलेली, टेबलं मुलींनी भरलेली. तो मान खाली घालून पुस्तकांवर शिक्के मारत होता.

“कालचं वाक्य पुरं करा,” मी म्हणाले. “मी परत आले नसते तर?”

शिक्का हवेतच राहिला. “तर… मला करमलं नसतं. पण तुम्ही फक्त लेखांसाठी येता, हे मला माहीत आहे.”

“कशावरून?”

“म्हणजे… मी तसंच धरून चाललो.”

“उत्तर आधीच ठरवून शोधत होतात. मला शिकवता, आणि स्वतः?” मी टेबलावर वाकले. आयुष्यात पहिल्यांदाच मी इतकं हळू बोलले असेन. “त्यातला एक शब्द काढून बघ.”

“कुठला?”

“फक्त.”

त्याचे ओठ न बोलता हलले, वाक्य जुळवून पाहिल्यासारखे. मग त्याचा डावा गाल हसला, मागाहून उजवा आला, आणि तो ताडकन उभा राहिला.

“काय?!” तो ओरडला. अख्खं ग्रंथालय दणाणलं. “खरंच?!”

सगळ्या टेबलांवरून एकदम आवाज आला –

“हळू!”