उचलून नेलेलं घर

शेवाळाची गोणी काट्यावर चढायच्या आधीच तिचं वजन माझ्या हाताला कळतं. आमच्या बेटावरच्या व्यापाऱ्याकडे मी लग्नाच्या वयापासून हेच काम करते आहे. लोक समुद्रातलं शेवाळ काढतात, किनाऱ्यावर वाळवतात, गोणीत कोंबतात आणि माझ्यापुढे आणून आपटतात. वर कुरकुरीत थर आणि आत ओला लगदा, असले प्रकार करणाऱ्यांना मी चारचौघांत सुनावते. त्यामुळे तानालेबा गावात माझ्यावर कोणी फारसा जीव टाकत नाही. न टाकोत. वजनाच्या बाबतीत मला आजवर कोणी फसवू शकलेलं नाही, आणि म्हणूनच त्या शुक्रवारी जे झालं ते मला अजून पचत नाही.

त्या शुक्रवारी आमचं घर उचललं.

जागा विकली म्हणून आमच्याकडे कोणी घर मोडत नाही. खांबांवर उभं असलेलं घर, खाली कोंबड्या, वर माणसं. गावातले पुरुष खांबांना बांबू बांधतात, अख्खं घर खांद्यावर घेतात आणि नव्या जागी नेऊन ठेवतात. आई गेल्यावर वाटणी झाली. किनाऱ्याची जागा माझ्या मोठ्या भावाला, बादोल्लाला. टेकडीवरचा खडकाळ तुकडा मला. आणि घर, आमच्या रीतीप्रमाणे, आईचं शेवटपर्यंत करणाऱ्या धाकट्या मुलीला, म्हणजे मलाच. फक्त माझं घर दादाच्या जागेवर उभं होतं.

दादा मिसरूड फुटायच्या वयात मलेशियात सबाहला पामच्या मळ्यात कामाला गेला आणि तिकडचाच झाला. आईचं दुखणं वाढलं तेव्हा त्याला सुट्टी मिळत नव्हती. आई गेली तेव्हा सिंजाई बंदरातून बेटावर येणारी बोट चुकली म्हणाला. किनाऱ्याच्या जागेला मकासार शहरातलं गिऱ्हाईक आलं तेव्हा मात्र त्याला बोट बरोबर सापडली.

आई शेवटी शेवटी माझ्या हातचे चार घास खायची आणि जिन्याकडे बघत बसायची. "बादो आला का गं? त्याच्यासाठी मासा झाकून ठेव." मी रोज झाकून ठेवायचे आणि सकाळी स्वयंपाकघराच्या जमिनीतल्या बांबूच्या पट्ट्यांमधल्या फटींतून खाली कोंबड्यांना टाकायचे. दादा लहानपणी त्याच फटींतून माशाचे काटे सोडायचा. असा चोखून सोडायचा की मांजर नुसतं हुंगून निघून जायचं. हे आई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची. मी काय आणि कसं खाते हे तिने कधी कोणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. याचा मला राग यायचा. अजून येतो.

तर त्या शुक्रवारी नमाज आटोपून सगळा गाव आमच्या अंगणात जमला. बायकांनी केळ्याचे गोड उंडे उकडले, मासे तळले. भांडी, गाद्या, पाण्याचा रांजण, सगळं आम्ही आधीच टेकडीवर पोचवलं होतं. आमच्या वडिलांबरोबर हे घर बांधणारे सुतार सक्काकाका वर घरात मधल्या खांबापाशी उभे होते. हा घराच्या नाभीचा खांब. आईने त्याला बांधलेलं पांढरं कापड अजून तसंच होतं. घर हलवायच्या आधी त्या खांबाला हात लावून घराला सांगावं लागतं, की आपण निघालोय, चल.

"रान्नू, ये," काका म्हणाले. "घर ज्याचं, त्यानं सांगायचं."

मी हातातली किटली खाली ठेवून पायऱ्या चढत होते, तेवढ्यात दादा मला ओलांडून वर गेला.

"एवढ्यासाठी रान्नू कशाला? मोठा मुलगा काय मेलाय?" तो म्हणाला. "लवकर आटपा काका. मकासारच्या साहेबांची बोट सुटेल."

"बादो, तुझं नाही ते काम."

"घर माझ्याच जागेवर आहे ना अजून?" त्याने खांबावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. "चल बाबा, ऊठ. ही जागा आता आपली राहिली नाही."

खालचे पुरुष हसले. मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात आरोळी झाली आणि सगळ्यांनी खांदे लावले. आम्ही घाईने खाली उतरलो.

पहिल्या झटक्याला घर इतकं चटकन वर आलं, की पुढचे दोघे तोल जाऊन गुडघ्यांवर आदळले.

"अरे, वाळवीने खाल्लं की काय आतून?" कोणीतरी ओरडलं.

"वाळवी कसली! रान्नूबाईने वाळवलंय ते. थेंबभर ओल नाही शिल्लक!"

हशा पिकला. टेकडीची चढण आहे. एरवी असं घर नेताना चार ठिकाणी टेकवावं लागतं. आमचं कुठेही टेकवलं नाही. पोरं गाणी म्हणत चढली. वर पोचल्यावर कोणाच्या पाठीवर घाम नव्हता. मी मागून चालत होते आणि मला हसू येत नव्हतं. मला वजन कळतं. त्या बांबूंना वाकच आला नव्हता.

सक्काकाका बाजूला जाऊन बसले. मी त्यांना कॉफी दिली.

"काय झालं काका?"

"या घराचा एकेक खांब तुझ्या बापाने नि मी बोटीतून आणलाय, पोरी. एक उतरवायला सहा माणसं लागायची." त्यांनी घराकडे पाहिलं. "लई हलकं आलं."

त्यांनी कॉफी प्यायली नाही. उंडाही खाल्ला नाही, आणि ते लगेच घरी निघून गेले.

घर नव्या जागी जसंच्या तसं बसलं होतं. एक फळी निखळली नव्हती. पण खिडकीजवळची फळी पाय पडला की करकरायची, ती करकरेना. चूल पेटायची, पण छत धुराचा वास धरत नव्हतं. भिंतीवर एक पाल येत नव्हती. लाकूड नवीन जागेत मुरायला वेळ घेतं, असं मी स्वतःला सांगितलं.

किनाऱ्याच्या जागेचा मोजणीदार यायचा होता म्हणून दादा थांबला होता. त्याचं अंथरूण मी बाहेरच्या खोलीत घातलं.

"इथे झोप लागत नाही गं," तो सकाळी म्हणाला. "दार लावलं तरी उघड्यावर पडल्यासारखं वाटतं."

"मळ्यात काय महालात झोपत होतास?"

तो अंथरूण गुंडाळू लागला. एरवी त्याने उलट सुनावलं असतं. मलाही झोप लागत नव्हती, पण ते मी त्याला सांगणार नव्हते.

पुढच्या आठवड्यात नुरबाया शेवाळ घेऊन आली. ती आमची जुनी शेजारीण, किनाऱ्यावरची. गोणी उचलताच मी खाली टाकली.

"नुरबाया, लाज वाटत नाही? पाणी विकायला आणलंस?"

"तुझ्या गळ्याची शपथ! चांगलं ऊन खाल्लंय त्याने. तुमच्या मोकळ्या जागेवर पसरलं होतं. म्हटलं रिकामी आहे तर वापरावी."

"मग वाळलं का नाही?"

"ते मला काय विचारतेस? कडेचं वाळलं. मधलं वाळतच नाही." मग ती आवाज खाली आणत म्हणाली, "तू एकदा येऊन बघ बाई."

मी भर दुपारी गेले. दादाने तिथले माड आधीच तोडून विकले होते. सावलीला झुडूपसुद्धा नव्हतं. वाळू चटका देत होती. चालता चालता एका पावलाला चटका थांबला. मी मागे सरकले, वाळू भाजली. पुढे आले, तळव्याला गार लागलं. मी त्या गार वाळूच्या कडेकडेने चालत गेले. चार कोपरे होते. कुठला कोपरा कुठे येणार हे मला आधीच माहीत होतं.

आमच्या कोंबड्या टेकडीवर राहायला तयार नव्हत्या, रोज इथेच पळून यायच्या. आता त्या मधोमध पंख पसरून ऊन टाळायला बसतात तशा बसल्या होत्या. मागच्या कोपऱ्यात, वर स्वयंपाकघर असायचं तिथे, दोघीतिघी भांडत काहीतरी टिपत होत्या. भाताची शितं होती. नुरबाया टाकत असेल, असं मी ठरवलं. नुरबाया एक शीत वाया घालवणारी बाई नाही, हेही मला माहीत होतं.

आणि दादा तिथे बसला होता, गुडघ्यांना मिठी मारून.

"इथे बरं वाटतं," तो म्हणाला.

"विकलीस ना? मग आता कशाला बसतोस लोकांच्या जागेत?"

"कॉफीचा वास येतोय बघ. आई मका घालून भाजायची तसला."

"मला नाही येत." मला खरंच येत नव्हता. मी दोनदा श्वास ओढून पाहिला.

त्याने वाळूत एक रेघ ओढली. "रान्नू, आई माझ्यावर रागावून गेली का गं?"

"रागावली असती तर मला बरं वाटलं असतं," मी म्हणाले. "रोज तुझ्यासाठी मासा झाकून ठेवायला लावायची."

त्याचे डोळे भरले. मला दया आली नाही, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, चल, जेवायला. तो उठला आणि उठताना त्याने मान वाकवली. आमच्या घराच्या तुळया जमिनीपासून फार वर नव्हत्या. उंच माणसाला वाकूनच निघावं लागायचं. तो तसा वाकून चार पावलं चालला, आणि गार वाळू संपली तिथे सरळ झाला.

"का वाकलास?"

"कुठे वाकलो?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जाग्यावर नव्हता.

मी सरळ किनाऱ्यावर गेले. त्याची पावलं वाळूत स्पष्ट होती. ती जिन्याच्या जागेपर्यंत गेली होती. तिथे त्याच्या चपला जोडीने काढून ठेवल्या होत्या, माणूस जिना चढायच्या आधी ठेवतो तशा. शेजारी, रांजण असायचा तिथे, पाय धुतल्यासारखी वाळू ओली होती.

पुढे एकही पाऊल नव्हतं.

बोटी काढून शोध झाला. पोरांनी प्रवाळाच्या खाचा तपासल्या. "पैसे खिशात आले, पळाला," नुरबाया म्हणाली. पैसे, पासपोर्ट, घड्याळ, सगळं माझ्याकडे त्याच्या पिशवीत होतं. मी सक्काकाकांना विचारायला गेले. त्यांच्या सुनेने दारातूनच सांगितलं, की ते आजारी आहेत, कोणाला भेटत नाहीत.

मकासारच्या माणसाने काम सुरू केलं. त्याचे गवंडी दुपारी त्या गार जागेत आडवे व्हायचे. एक दिवस त्यांच्यातल्या एकाने विचारलं, ही सावली कशाची? दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत.

मी टेकडीवर राहते. फळ्या आहेत, खांब आहेत, छप्पर आहे. नाभीच्या खांबाला हात लावून मी रोज बोलते, मी रान्नू, तू माझं आहेस. बाहेर पडलेल्या ओंडक्याशी बोलावं, तसं.

काल दुपारी मी पुन्हा खाली गेले.

चपला तशाच होत्या. कोणी हात लावत नाही. मी त्यांच्या शेजारी उभी राहून पाय पुढे टाकला, पहिली पायरी असायची तिथे. पाय वाळूत पडला. पुन्हा टाकला. पुन्हा वाळू.

मग वाकून मागच्या कोपऱ्यात गेले. कोंबड्या माना वर करून उभ्या होत्या, वाट बघत.

माझ्या पायाशी टप् असा आवाज झाला.

माशाचा काटा होता. लांब, मधला. शेपटीपर्यंत स्वच्छ चोखलेला.

मी वर पाहिलं. निळं आभाळ होतं, ढगाचा तुकडा नाही.

"आई," मी हाक मारली. "आई, मी आहे. मी रान्नू. घर माझं आहे गं. मला वर घे."

काही आवाज आला नाही. समुद्रही त्या वेळी ओहोटीला दूर गेला होता. मी मान वर करून थांबले, मान अवघडेपर्यंत. मग खाली घातली.

तेव्हा माझ्या केसांवर काहीतरी पडलं, आणि कोंबड्या माझ्या पायांत धावल्या. मी डोक्यावर हात फिरवला. बोटाला भात चिकटला.

अजून गरम होता.