ओल्या कातड्यावरचा ठसा

"पिस्तूल मीच विकलं. लिहून घ्या आणि न्या मला पोलिसांत," म्हातारा कारागीर म्हणाला.

मास्तर गुडघा धरून त्याच्यासमोर बसले. शाळेतली नोकरी संपल्यापासून ते लोकांच्या खाजगी भानगडी निस्तरत. सोबत मेहुणा होता. कारागिराच्या सुनेने त्यांना बोलावलं होतं; घरातून पिस्तूल नाहीसं झालं होतं आणि गोदामाने ते ज्याच्याकडे सोपवलं होतं, तो रखवालदार अंधार पडताच पोलिसांत जाणार होता.

"कोणाला विकलं?"

म्हातारा समोरची कातड्याची कात्रणं गोळा करू लागला.

"खोट्यालाही तयारी लागते, आबा. पहिल्यापासून सांगा."

म्हातारा होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं कातडी म्यान, घरीच हाताने शिवायचा. काल संध्याकाळी रखवालदाराने गोळ्या काढून पिस्तूल मापाला दिलं. म्हाताऱ्याने शिवलेलं कातडं भिजवलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पिस्तूल आत घातलं आणि अंगठ्याने दाबून त्याचा आकार वर उठवला. मग फडक्याखाली झाकलं.

"वाळेपर्यंत हात लावायचा नाही, ही आमची रीत. दुपारपर्यंत ओलंच असतं. चारला फडकं काढलं, तर आत काही नाही."

"घरात कोण होतं?"

"मुलगा पहाटेच कामावर गेला," म्हातारा घाईने म्हणाला. "त्याचं नाव नको."

"मी होते दिवसभर," सून म्हणाली. "घ्या माझ्यावर संशय. तीनला दारातले हे भाऊ आले, झालं का विचारायला. मी पाणी आणायला आत गेले. मामंजी झोपले होते."

दारातला रखवालदार उसळला. "म्हणजे मी चोर? माझ्याच ताब्यातलं पिस्तूल! नवंकोरं, ओरखडासुद्धा नव्हता. यांच्या पोराने आधी दोनदा हात मारलाय, गल्लीला विचारा!"

मास्तरांनी होल्स्टर उचललं. लाकडासारखं कडक. तोंड उघडं, चापाभोवतालच्या कडीचा उठाव स्वच्छ. फक्त एका बाजूला चपटा.

"भावोजी, रिकाम्या पिशवीत काय बघता?" मेहुणा कंटाळून म्हणाला.

"तोंड बघ. ओलं असताना पिस्तूल काढलं असतं, तर हे भिजल्या मोज्यासारखं मिटलं असतं. ते उघडंच वाळलंय. म्हणजे दुपारपर्यंत पिस्तूल आत होतं. पहाटे गेलेला मुलगा सुटला."

"मग सून?"

"तिने चोरी केली असती, तर आपल्याला कशाला बोलावलं असतं? आबा, ही कडी इथे चपटी का?"

"होती तशी उठवली. पिस्तुलाचीच कडी दबलेली होती."

"आणि हे म्हणतात, ओरखडा नव्हता." मास्तर रखवालदाराकडे वळले. "पडलं ना हातून? गोदामाच्या हत्यारांची तपासणी कधी आहे?"

रखवालदार भिंतीला टेकला. "उद्या," तो पुटपुटला. "पाडलं म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. चोरीला गेलं, तर दोष दुसऱ्याचा. तीनला उचललं. गोदामाच्या चौकीतल्या पेटीत आहे."

"त्याच्याबरोबर जा आणि ते ताब्यात घे," मास्तर मेहुण्याला म्हणाले. दोघे गेल्यावर ते म्हाताऱ्याला म्हणाले, "तोंड मिटलं नाही, हे तुम्हाला माझ्या आधी कळायला हवं होतं. पण तुम्ही कातड्याकडे पाहिलंच नाहीत. फडकं काढलंत आणि मुलाचं नाव मनात आणलंत."

उंबऱ्यात मुलगा उभा होता. कामावरून आलेला, डबा हातात. किती वेळ, कोणास ठाऊक.

"तुम्हालाही मीच वाटलो, आबा?"

म्हाताऱ्याने आरी उचलली, पुसली, परत ठेवली.

"हातपाय धू," तो म्हणाला. "जेवून घे."

सून ताट मांडायला उठली. मुलगा आत आला नाही.