हिरवी यादी

चिपळूणच्या मनःस्वास्थ्य केंद्रात मयूरी शिर्केचा तो कार्यानुभवाचा चौथा दिवस होता. पूर्वी नववीची मुलं कार्यानुभवाच्या तासाला खडू नाहीतर मेणबत्त्या बनवायची. आता त्यांना पाळीपाळीने पंधरा दिवस खऱ्या कामावर पाठवत. आलेल्या माणसांना बसवायचं, पाणी द्यायचं आणि इथे कानावर पडलेलं बाहेर कुठे बोलायचं नाही, एवढं मयूरीचं काम. ते ती मनापासून करत होती.

आज मात्र समुपदेशक शबाना पटवेकर मॅडमनी तिच्यापुढे प्रशस्तिपत्रांचा गठ्ठा ठेवला. "तुझं अक्षर छान आहे. यादीतली नावं घाल यांवर."

यादी मनपट्टीने बनवली होती. तालुक्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनगटावर ही पट्टी असे. रोज प्रार्थनेनंतर पाच मिनिटं ती नाडीचे ठोके, त्वचेवरचा घाम आणि श्वासाची लय मोजी आणि मनावरच्या ताणाचा अंदाज बांधून दिवा लावी. ताण फार असेल तर लाल, बेताचा असेल तर पिवळा, नसेल तर हिरवा. लाल दिवा लागलेल्या मुलाला केंद्रातून त्याच दिवशी फोन जाई, पिवळ्याला आठवड्याभरात. हिरव्यांना कोणी बोलवत नसे. पट्टीमुळे दोन वर्षांत कितीतरी मुलं वेळेवर सावरली होती, हे काही खोटं नव्हतं.

पण आपल्याकडे कुठलीही चांगली गोष्ट शाळेत शिरली की तिला मार्क चिकटतात. मयूरीच्या शाळेने सलग हिरव्या दिव्याला दहा मार्क ठेवले, आणि मुलं लागली की तयारीला!

प्रशस्तिपत्रं अशाच सलग हिरव्या मुलांसाठी होती. यादीतलं पहिलंच नाव होतं दुर्वा चाळके. सलग एकवीस दिवस हिरवा. मयूरीचं पेन थांबलं.

दुर्वा वर्गात तिच्या शेजारी बसायची. दोन आठवडे ती धड जेवत नव्हती, झोपत नव्हती. गेल्या आठवड्यात तिने आपले कबड्डीचे नी-पॅड मयूरीच्या दप्तरात कोंबले. "ठेव तुला. मला आता कशाला लागतायत?" असं म्हणाली आणि कोणाला सांगायचं नाही अशी शप्पथ घातली. सांगावं तर शप्पथ मोडणार, शिवाय सगळ्या वर्गाचं बिंग फुटणार, म्हणून मयूरी गप्प राहिली होती. भीती मात्र वाटायची ती वाटतच होती.

"काय गं, पेन चालत नाही का?" मॅडमनी विचारलं.

"हे नाव मी नाही लिहिणार, मॅडम," मयूरी म्हणाली. "पट्टीच्या नोंदीच्या वेळी आम्ही सगळे चार आकडे मोजून श्वास घेतो आणि सहा मोजून सोडतो. दिवा हिरवा राहतो. दुर्वाला ते सगळ्यांत भारी जमतं. पण ती बरी नाहीये. ती स्वतःच्या वस्तू देऊन टाकतेय."

श्वासाची ती पद्धत मॅडमनीच शाळेत शिकवली होती, घाबरलेल्या मुलांना धीर यावा म्हणून. मुलांनी तीच पद्धत दुखणं लपवायला वापरली, याचं त्यांना फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेत बसायची ही वेळ नव्हती. त्यांनी दुर्वाच्या आईला फोन लावला आणि स्कूटरची किल्ली उचलली.

मयूरीला मागे बसवून त्या शाळेत पोचल्या तेव्हा मधली सुट्टी झाली होती. दुर्वा व्हरांड्याच्या पायरीवर एकटीच बसली होती, डबा न उघडता. मॅडम तिच्या शेजारी बसल्या. त्यांनी आडवळण घेतलं नाही.

"दुर्वा, जगू नये असं वाटतंय का तुला?"

दुर्वाने आधी नेहमीसारखा लांब श्वास घेतला. मनातल्या मनात आकडे मोजायला लागली असावी. पण दोनाच्या पुढे ती गेलीच नाही. तिचा चेहरा वाकडा झाला, मान 'हो' अशी हलली आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

"आता तुला एकटीला सोडणार नाही," मॅडम तिचा हात धरून म्हणाल्या. "आई निघाल्यात. त्या आल्या की मिळून डॉक्टरांकडे जाऊ."

बऱ्याच वेळाने दुर्वाने डोळे पुसले आणि समोर उभ्या असलेल्या मयूरीकडे पाहिलं.

"तू सांगितलंस?"

"हो," मयूरी म्हणाली. आता ही आयुष्यभर आपल्याशी बोलणार नाही, अशी तिने मनाची तयारी केली होती.

"मग इतके दिवस काय करत होतीस गं?"