चोविसाव्या नळीनंतर

संशोधक डॉ. शर्मिष्ठा देवस्थळींनी श्वासातले विषाणू ओळखणारं आपलं श्वासशोधक यंत्र टेबलावर ठेवलं, तेव्हा भुसावळच्या 'सेवादीप क्लब'च्या साप्ताहिक सभेत वाढदिवसांचे सत्कार चालले होते. सन २०४३, बुधवारची संध्याकाळ. तेवीस सभासद, तेवीस चकचकीत बिल्ले आणि बटाटेवड्यांच्या बशा. गावात साथ होती आणि ही मंडळी एकमेकांना शाली पांघरत होती. शर्मिष्ठाबाईंना अक्षरशः किळस आली.

"मॅडम, दहा मिनिटं हं," अध्यक्ष बन्सीलाल ओस्तवाल म्हणाले. "नंतर आभारप्रदर्शन आहे."

"पाच पुरेत. इंजिनघाट वस्तीत तीन महिन्यांत अकरा जणांना खोकताप झाला. दोन मुलं गेली. तिथं आरोग्य शिबिर तुम्हीच घेतलंत ना? फोटो पाहिले मी. तपासणी नावाला, पेढे भरवणंच जास्त."

क्लबातले एकमेव डॉक्टर, छातीरोगतज्ज्ञ रियाज काझी, पुढे सरसावले. "साथ आम्ही नेली म्हणता? पुरावा काय?"

"वंशलेख. विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा त्याच्या जनुकांची नक्कल होते आणि नकलेत बारीक चुका राहतात. चुका मोजल्या की कोणी कोणाला दिला ते कळतं. त्या अकरा जणांनी या यंत्राच्या नळीत फुंकर मारली. अकराही नमुने एकाच मूळ विषाणूच्या नकला निघाल्या. ते मूळ मात्र अख्ख्या वस्तीत कोणाकडेच नाही."

"म्हणजे वाहक बाहेरचा. स्वतः ठणठणीत असलेला," काझी म्हणाले.

"आणि घरोघर हिंडलेला. खिडक्या लावून घ्या. हे यंत्र खोलीतली हवाही वाचतं. आजवर तशी गरज पडली नव्हती."

दोन मिनिटांत पडद्यावर तांबडी अक्षरं उमटली : मूळ विषाणू उपस्थित.

शर्मिष्ठाबाईंना मनातून बरं वाटलं. या बिल्लेवाल्यांबद्दलचं आपलं मत एवढ्या चोख रीतीनं सिद्ध होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "चला, एकेकानं फुंकर मारा," त्या म्हणाल्या. ओस्तवालांनी नळी दोनदा पुसून घेतली. ते शर्मिष्ठाबाईंनी मुद्दाम निरखून पाहिलं.

तेवीस नळ्या स्वच्छ निघाल्या. वडे आणणाऱ्या आचाऱ्याची चोविसावीही.

"यंत्र चुकलं असेल," कोणीतरी मागून म्हणालं.

"माझं यंत्र चुकत नाही!"

"मग एकच माणूस उरतो, मॅडम," काझी हळूच म्हणाले आणि त्यांनी नवी नळी पुढे केली.

तिच्याकडे बघताबघताच शर्मिष्ठाबाईंना आपली पाहणी आठवली. चार महिन्यांपूर्वी हवेतल्या धुळीच्या पाहणीसाठी त्या वस्तीतल्या घराघरांत बसल्या होत्या. मास्क लावला की बायका मोकळं बोलत नाहीत, म्हणून तो काढून. साथ त्यानंतर आली. नळीत श्वास जायचा तो रोग्याचा. यंत्र हातात धरणाऱ्या बाईचा श्वास कोणी तपासलाच नव्हता.

"धुळीच्या पाहणीला त्या घरांत मीच बसले होते," म्हणत त्यांनी फुंकर मारली. पडदा तांबडा झाला.

आता आरडाओरडा होईल, टोमणे बसतील, असं त्यांना वाटलं. त्यांच्या जागी आपण असतो तर सोडलं नसतं. ओस्तवालांनी मात्र सगळ्या खिडक्या उघडल्या, नाकाला रुमाल बांधला आणि चार हात अंतरावर खुर्ची ओढून ते बसले.

"धुळीच्या पाहणीला आणखी कुठं गेला होतात, मॅडम?"

"रेल्वे कॉलनीच्या मागच्या चाळी... आणि एक आश्रमशाळा." त्या म्हणाल्या. "तिथं कोणालाच तपासलेलं नाही. मी तुमच्या मागे लागले होते."

"शेवटचं कधी गेलात शाळेत?"

"काल."

"मुलं किती?"

"चारशे दहा," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. काझींनी तोवर फोन कानाला लावला होता.