कुलूपबंद घरातली काबरी

"शिडी घट्ट धर," मंजुळा म्हणाली. "मी वर जाऊन येते."

"आता काहून? सकाळीच तर गेली होतीस," रामकिशन कुरकुरला. पण त्याने शिडी धरली.

घराच्या सपाट माळवदावरून वऱ्हाडाकडे जाणारी गाडीवाट दिसायची. परवा पहाटे शेजारच्या सटवाजीकाकांची बैलगाडी त्याच वाटेने गेली होती. १९४८चा उन्हाळा होता. रझाकारांच्या धास्तीने पुसेगावच्या आसपासची माणसं संस्थानाची हद्द ओलांडून वऱ्हाडात चालली होती. सटवाजीकाकांची मुलगी, मंजुळाची मैत्रीण पारूही गेली. मंजुळा उठली तेव्हा शेजारच्या दाराला कुलूप होतं. सुट्टीत काय काय करायचं ते दोघींनी मिळून ठरवलं होतं. आता गल्लीत उरला होता तो आठ वर्षांचा धाकटा भाऊ रामकिशन, आणि त्याच्याशी सागरगोटे खेळण्यात काही मजा नव्हती.

दोन्ही घरांची माळवदं एकमेकांना लागून होती. मंजुळा पारूच्या माळवदावर जाऊन बसली. वाट रिकामीच होती. तेवढ्यात पायांखालून कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज आला. उजेडाचा झरोका सटवाजीकाकांनी जाताना दगडी फरशीने झाकला होता. तिने फरशीला कान लावला. पुन्हा तोच घोगरा, बारीक आवाज.

"माय," तिने अंगणात जोंधळे पाखडणाऱ्या आईला हाक मारली, "पारूची काबरी आत हाय."

"ती शेळी संतरामच्या शेतातल्या आखाड्यावर, गुरांसंगं हाय," सखुबाई म्हणाली. "गाभण म्हणून त्याच्यावर सोपवून गेले तिला. किल्लीही संतरामकडंच हाय."

मंजुळाने रामकिशनला आखाड्यावर पिटाळलं. तो धापा टाकतच परत आला.

"तिथं शेळी न्हाई. संतरामकाका कालपासून कळमनुरीच्या बाजाराला गेलेत. कुलूप तोडायचं का, माय?"

"दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा न्हाई. बा येऊ दे शेतातून."

"तवर ती मरंल," मंजुळा म्हणाली. "दोन दिस झाले, माय. पाणी कुणी दिलं असंल तिला?"

सखुबाईचं सूप थांबलं.

"कुलपाला न्हाई लावत हात. वरून उतरते. मागच्या दाराला आतून आगळ हाय, ती काढते."

सखुबाईने सूप खाली ठेवलं. मग ती स्वतःच चऱ्हाट घेऊन वर आली. माळवदावर कडुलिंबाची जाड फांदी वाकली होती. सखुबाईने फांदीला चऱ्हाट बांधून दोनदा ओढून पाहिलं. फरशी सरकवली आणि मंजुळा अंधारात उतरू लागली. तळहात सोलवटले, पण तिने चऱ्हाट सोडलं नाही.

खाली पाय टेकले आणि तिला एकदम पोरकं वाटलं. या घरात ती रोज यायची. आता चूल थंड होती, कोनाडे मोकळे होते, आणि पारूची हाक कुठूनच येत नव्हती.

खांबाला दावं गुंडाळून घेऊन काबरी आडवी पडली होती. पाण्याचं मडकं लवंडलेलं. तिच्याजवळ एक ओलं करडू धडपडत होतं. दुसरं नुकतंच बाहेर आलं होतं, पण हलत नव्हतं.

"माय, एक हालंना गेलंय."

"नाकातोंडातलं पुसून काढ," झरोक्यातून आईचा आवाज आला. "मागचे पाय धरून उलटं कर. भिऊ नको, मी हाय इथं."

मंजुळाने परकराने त्याचं तोंड पुसलं, उलटं धरून हलवलं. काहीच नाही. तिने पुन्हा पुसलं आणि अंग चोळत राहिली. शेवटी करडू शिंकलं.

"जगलं," ती म्हणाली, पण आवाज इतका हळू की वर कुणाला ऐकूच गेला नाही.

रामकिशनने दोरीने पाण्याचा तांब्या खाली सोडला. काबरीने तो एका दमात संपवला. मग मंजुळाने सगळा जोर लावून आगळ सरकवली आणि मागचं दार उघडलं.

संध्याकाळी मंजुळाचा बा ग्यानबा शेतातून आला तेव्हा संतरामही बाजारातून परतला होता. सगळं ऐकून संतरामने मान खाली घातली.

"सटवाजी गेला त्याच दिशी आणायची होती. दुपारी जातो म्हणलं, मंग सकाळी जातो म्हणलं, आन् राहूनच गेलं."

"सटवाजीनं तुझ्यावर भरवसा टाकला होता," ग्यानबा म्हणाला. "पोरीनं राखला तो. कुलूपही शाबूत, शेळीही शाबूत. शाबास, मंजे."

संतरामने कनवटीची किल्ली काढून मंजुळाच्या हातावर ठेवली. "तूच सांभाळ, लेकी. माझ्यापरीस तू बराबर."

गल्लीतल्या उरल्यासुरल्या बाया करडं बघून गेल्या. ज्या आल्या त्यांनी मंजुळाच्या पाठीवरून हात फिरवला. ती मात्र पारूच्या घराच्या मागच्या दारात बसून राहिली.

"ताई, नावं काय ठेवायची यांची?" रामकिशनने विचारलं.

"पारू आल्यावर ती ठेवंल."

"कवा येणार ती?"

मंजुळाने लुचणाऱ्या करडाला काबरीच्या आणखी जवळ सरकवलं.

"ठावं न्हाई," ती म्हणाली. "तवर नुसती करडं."